सात आठी छप्पन्न

बँकेत बावीस वर्षं आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या मुलाचं गणित कच्चं निघणं म्हणजे आचाऱ्याच्या घरचं वरण रोज करपण्यापैकी आहे. पालकसभेत बाईंनी आमच्या चिरंजीवांची वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "बाकी सगळं छान आहे हो, पण पाढे तेवढे घरी घ्या." आणि मग, "तुम्ही बँकेत ना?" त्या एका 'ना'मध्ये माझी बी.कॉम.ची पदवी वाहून गेली.

त्याच संध्याकाळी मी मोहीम हाती घेतली.

"बोला, सात आठी?"

चिरंजीवांनी छताकडे पाहिलं. छतावर पाल होती, उत्तर नव्हतं.

"चोपन्न?"

"नाही!"

"त्रेसष्ट?"

"नाही!"

"मग तुम्हीच सांगा ना, बाबा!"

काउंटरवर एखादे आजोबा आपलीच सही विसरले तर मी "घाई नाही आजोबा, सावकाश," असं म्हणतो. पण ही गोड वाणी मी बँकेतच ठेवून येत असलो पाहिजे. कारण तिसऱ्या मिनिटाला माझा आवाज असा काही चढला, की खालच्या मजल्यावरच्या मंडळींचा सातचा पाढा आमच्या चिरंजीवांच्या आधी पाठ झाला असावा.

चौथ्या दिवशी चिरंजीव एकदाचे म्हणाले, "छप्पन्न!" कॅश जुळल्याचा आनंद मला झाला. म्हटलं, "शाब्बास! आता लिही." त्याने लिहिलं, ६५.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? छप्पन्नमध्ये सहा आधी ऐकू येतो, पन्नास मागून येतो. त्याने ऐकलं तसं लिहिलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला 'वीस दोन' असंही वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! चहाच्या वेळी सर्वांत जास्त खिदळणारा मीच होतो. आज ते हसू व्याजासकट परत आलं.

पाचव्या दिवशी सकाळी चिरंजीवांचं पोट दुखू लागलं. ओवा झाला, हिंग झाला. संध्याकाळी मी घरी आलो, चपला काढत होतो, तर आतून त्याचा आवाज आला, "आई, बाबांना आज बँकेत उशीर होणार आहे का गं?"

पोरगं माझी वाट पाहत होतं; पण मी न येण्याची.

मी तसाच दारात उभा राहिलो. आई शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर न करता माझा पंचनामा केला. "तू काय मोठा गणिती होतास रे? सात आठी म्हटलं की मोरीत जाऊन लपायचास. पट्टी घेऊन तुझे वडील बाहेर उभे!"

चिरंजीव आतून पळत आले. पोटदुखी कुठल्या कुठे! "बाबा, तुम्हालासुद्धा येत नव्हतं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "येत नव्हतं काय, अजूनही चटकन येत नाही. मी सात साती एकोणपन्नास गाठतो आणि तिथून सात पावलं चालत जातो."

ही गोष्ट मी सौ.लाही कधी सांगितली नव्हती. चिरंजीव मात्र एवढे खूश झाले, की वही घेऊन स्वतःहून शेजारी बसले.

मग मी जे येतं ते केलं. ताळेबंद मांडला. दहापर्यंतच्या पाढ्यांची एकूण उत्तरं १००. पण सात आठी आणि आठ साती हा व्यवहार एकच, नोंद तेवढी दोनदा. अशा दुबार नोंदी निघाल्या ४५. त्या खोडल्या, उरल्या ५५. एकचा, दोनचा, पाचचा आणि दहाचा पाढा त्याला येतच होता. नऊचं बोटांवर भागतं: नऊ चोक हवं असेल तर दहा बोटांतलं चौथं मिटायचं, डावीकडे उरली तीन, उजवीकडे सहा, झाले छत्तीस. हे सगळं वजा जाता बाकी किती? फक्त १५!

"एवढंच?" चिरंजीव म्हणाले. शंभराच्या कर्जाखाली दबलेल्या माणसाला पंधरावर सुटका मिळावी, तसा त्याचा चेहरा झाला.

रोज एक, तेही दूध आणायला जाता-येता, अशी वसुली सुरू केली. लिहिताना 'पन्नास सहा' असं मनात म्हणायची मुभा दिली. (बँकेत कोणाला सांगू नका.) महिनाभरात खाती बहुतेक मिटली. सात आठीला तो अजून थांबतो, ओठ हलतात, सात पावलं चालतो आणि छप्पन्नवर पोचतो. मीही सोबत चालतो, पण मनातल्या मनात.

परवा जेवताना चिरंजीवांनी मलाच विचारलं, "बाबा, एकोणतीस साती?"

माझा डावा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला.

"मोबाइल नाही हं, बाबा. आधी तीस साती करा, मग त्यातले सात परत द्या," चिरंजीव म्हणाले. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "घाई नाही. सावकाश!"