लागून कोण?

बेळगावजवळच्या उचगावच्या आमच्या शाळेत जगाचा एकच नकाशा होता. कापडी, वर-खाली लाकडी दांडे, गुंडाळून गुंडाळून हिंदी महासागराला आडव्या भेगा पडलेल्या. रोपलावणीच्या दिवसांत वर्ग निम्मा शेतावर असायचा. तेव्हा गुरुजी तो खिळ्याला अडकवायचे आणि खेळ लावायचे. ते दोन देश सांगणार, आम्ही मधले देश ओळीने सांगायचे. समुद्र ओलांडायचा नाही. अडला की पाळी पुढच्याची.

ही 1970 नंतरची गोष्ट. पोर्तुगाल ते व्हिएतनाम ही वाट मला अजून तोंडपाठ आहे: स्पेन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत रशिया, चीन.

आता हाच खेळ माझी नात मोबाइलवर खेळते. ‘ट्रॅव्हल’ त्याचं नाव. रोज नवी जोडी येते. वाटेवरचा देश हिरवा होतो, भलतीकडचा लाल. परवा मी तिला माझीच जुनी जोडी घातली. स्पेन, फ्रान्स, जर्मनी, पोलंड, रशिया, चीन, असं तिनं भराभर जोडलं. “पोलंडला रशिया कुठनं लागला गं?” म्हटलं, तर दोन बोटांनी नकाशा मोठा करून तिनं पोलंड आणि लिथुआनियाच्या मधला कालिनिनग्राडचा तुकडा दाखवला. “हा बघा की आजोबा!”

तेव्हाही सहा देश, आताही सहा. पण माझ्या सहांतले तीन त्या नावानं उरले नाहीत. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, 1991 मध्ये सोव्हिएत संघाचे पंधरा देश झाले, 1993 च्या पहिल्याच दिवशी चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली.

मोबाइलचा खेळ चांगलाच आहे. आमच्या नकाशात लक्झेंबर्ग बोटाखाली झाकून जायचं. हिला ते नीट दिसतं. पण गुरुजी प्रत्येक सीमेवर थांबवायचे. इथं नदी कुठली, डोंगर कुठला, पलीकडचे लोक काय पिकवतात, ते सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. त्या थांबण्यात भूगोल होता, असं मला आजही ठामपणे वाटतं.

आणि सुरुवात नेहमी आपल्या गावापासून. “उचगावाला लागून कोण?” सुळगा, बेकिनकेरे, तुरमुरी. तुरमुरीपुढं बाची आणि बाची सरली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. बांधाच्या अलीकडं भात, पलीकडंही भातच. 1956 पर्यंत शिनोळीचा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं. घरातल्या लेकी मात्र आधीसारख्याच तिकडं दिल्या जात राहिल्या, तिकडच्या इकडं येत राहिल्या. या सीमेबद्दल महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला; आमच्या पिढीचं अर्धं आयुष्य त्या तारखांकडं डोळे लावण्यात गेलं.

सुट्टीत नात आली की संध्याकाळी आम्ही मळेकरणी देवीच्या आमराईत जिल्ह्यांचा खेळ खेळतो, तोंडी. बेळगाव ते बळ्ळारी मला सोपं होतं, मध्ये एकटं धारवाड. तिला ते चालत नाही. 1997 मध्ये धारवाडातून गदग निघालं, 2021 मध्ये बळ्ळारीतून विजयनगर. तिच्या हिशोबानं आता ते दोन मध्ये येतात. मग मी रत्नागिरी घालतो. आमच्या वेळी ती बेळगावला चिकटून होती, 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि मध्ये आला. एकदा चंदगडचं सांगितल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “मग तेव्हा लोकांना विचारलं होतं काय?” त्या दिवशी खेळ तिथंच थांबला आणि आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत बसलो.