वकीलपत्र

एसटीच्या लाल गाडीत एखाद्या सीटवर आमदारांसाठी राखीव असल्याची अक्षरं रंगवलेली असतात. त्या सीटवर मी बाजाराच्या पिशव्या पाहिल्या, पासवाली पोरं पाहिली, पेंगणारे म्हातारे पाहिले. आमदार कधी दिसला नाही. सांगोल्याकडची माणसं मात्र सांगतात, आमच्याकडं ती अक्षरं खरी होती. आबासाहेब एसटीनंच जायचे.

आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख. पेशानं वकील, पक्षानं शेतकरी कामगार. १९६२ ते २०१४ या काळात ते ११ वेळा निवडून आले. मतदारसंघ एकच, पक्षही एकच. दोनदा मंत्री झाले, पण लोकांच्या तोंडी राहिली ती एसटी.

मला मात्र त्या ११ विजयांपेक्षा १९७२ आणि १९९५ चे दोन पराभव जास्त बोलके वाटतात. ते आठवले की वडिलांचा बांधाचा दावा आठवतो. तालुक्याच्या कोर्टाबाहेर, बाकड्यावर कागद टेकवून, त्यांनी वकीलपत्रावर सावकाश सही केली होती. त्या सहीनं वकिलाला आपल्या वतीनं बोलायचा अधिकार मिळतो, जमिनीची मालकी नाही. आणि विश्वास उडाला, तर वकीलपत्र काढूनही घेता येतं. सांगोल्यानं ते दोनदा काढून घेतलं. आबासाहेब रुसून दुसऱ्या पक्षात गेले नाहीत. पुन्हा त्याच पक्षकारापुढं उभे राहिले.

सांगोल्याचा दावा होता पाण्याचा. माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, म्हणून आटपाडीच्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबत ते वर्षानुवर्षं उभे राहिले. तारखा पडत गेल्या. वकील हजर राहिला. पक्ष मात्र राज्यभर आटत गेला. ते आटणं त्यांनाही थोपवता आलं नाही, हेही सांगायला हवं.

२०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेब गेले. २०२४ ला सांगोल्यानं त्यांच्या दुसऱ्या नातवाला निवडून दिलं. म्हणजे एवढ्या मोठ्या आजोबांच्या घरातही वकीलपत्र वारशानं उतरलं नाही. दर वेळी नवी सही लागली. ती सही आपली असते. करताना कागद वाचून करावी.