रेघ ओढणें आणि रेघ कोरणें

सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांत हत्यारें किती असतात, याची एकदां मोजदाद करून पाहावी. स्वयंपाकघरांत विळी, पानाच्या तबकांत अडकित्ता आणि दिवाणखान्यांत लेखण्या. यापलीकडे यादी फारशी जात नाहीं. भिंतींत खिळा मारावयाचा झाला तरी सुताराची वाट पाहावयाची, अशी आमची रीत. लेखणीची मात्र आम्ही पूजा करतों, आणि तीच काय ती आमच्या कुळाची मिळकत, असें अभिमानानें सांगतों.

या अभिमानाला संस्कृत भाषेनेंच एक कोपरखळी मारून ठेवली आहे. ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ अक्षर काढणें हा नव्हे. ओरखडणें, खरवडणें हा होय. ‘रेखा’ हा शब्दहि त्याच कुळांतला. सुश्रुतानें शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘लेखन’ हें खरवडण्याचें कर्म आहे. दौत-टाकाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. म्हणजे आमच्या हातीं शाईची लेखणी येण्यापूर्वीं कोणाच्या तरी हातीं टोंकदार हत्यार होतें, आणि आमचें लिहिणें हें त्याच्या कोरण्याचें वंशज आहे. वर्गांत ही व्युत्पत्ति आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. ती बोटांना कशी जाणवते, हें नातवाच्या एका खेळण्यामुळें पाहावयास मिळालें.

नातू नववींत आहे. भारतीय वायुदलांत १९६३ सालीं दाखल झालेल्या मिग-२१ विमानास २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें निरोप देण्यांत आला. तो सोहळा त्यानें घरीं टी.व्ही.वर पाहिला, हीं विमानें आपल्या नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यांत बांधलीं जात, हेंहि त्यास त्याच वेळीं कळलें. तेव्हांपासून त्या विमानाची प्रतिकृति करण्याचा त्यानें ध्यास घेतला. पुण्याच्या आतेभावानें आपल्यापाशीं पडून असलेला एक जुना संच पाठवून दिला. प्लास्टिकचे सुटे भाग घासून, जोडून, रंगवून विमान उभें करावयाचें. आणि प्रमाण १ : ७२. खऱ्या विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत ७.१५ मीटर, नातवाच्या विमानाचे दहा सेंटिमीटरहि नाहींत.

आतां या चिमुकल्या वस्तूंत अडचण कोणती, तें सांगितलें पाहिजे. विमानाचें अंग एकसंध नसतें. आंतील सांगाड्यावर धातूचे पत्रे शेजारीं शेजारीं बसविलेले असतात, आणि त्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा सर्व अंगावर दिसतात. प्रतिकृतींत त्या रेषा दाखविल्या नाहींत, तर विमान साबणाच्या वडीसारखें दिसतें. जुन्या संचांतून या रेषा पुष्कळदां उंचवट्याच्या काढलेल्या असत; खऱ्या विमानावर तर त्या खोलगट असतात. शिवाय धडाचे डावे-उजवे दोन अर्ध जोडून सांधा काचकागदानें घासला, कीं आजूबाजूच्या रेषा पुसून जातात. त्या पुन्हा कोराव्या लागतात. त्रैराशिकानें पाहिलें, तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची भेग होईल. तींतून वैमानिकाचीं दोन बोटें आंत जातील! एक दशांश मिलिमीटर रेघ धरली तरी ती सात मिलिमीटरांच्या वर भरते. तेव्हां रेघ जितकी बारीक साधेल तितकी थोडी. मात्र ती इतकीहि उथळ नको, कीं रंगाच्या पहिल्याच हातानें बुजून जावी.

घरांत या उद्योगाचें स्वागत झालें नाहीं. सूनबाईंचें म्हणणें, पुढील वर्षीं दहावी आहे, आणि ज्या वयांत लातूरच्या शिकवण्यांची चौकशी करावयाची, त्या वयांत हा मुलगा घासकाम करीत बसला आहे. आमचे वडील बंधु अण्णा यांचें म्हणणें थोडक्यांत होतें : “हें आपल्या घरचें काम नव्हे.” आम्हीं दोघांचेंहि ऐकून घेतलें आणि नातवाला रात्रीं जेवणानंतरचा एक तास मोकळा करून दिला.

पहिलें हत्यार त्याच्या कंपासपेटींतच होतें. कर्कटकाच्या टोंकाचे प्रताप कोणत्याहि मास्तराला सांगावयास नकोत. पिढ्यान् पिढ्यांच्या बाकांवर तीं नांवें कोरलेलीं आहेत. तेंच टोंक नातवानें पोलादी पट्टीच्या कडेनें चालविलें. रेघ उमटली, परंतु नखानें चांचपली तेव्हां तिच्या दोहों बाजूंस दोन वरंबे लागले. तीच गत पितळी मुठींत धरलेल्या शिवणाच्या सुईची. टोंक जागचें प्लास्टिक काढून टाकीत नाहीं. नांगराच्या तासाप्रमाणें तें दोहों अंगांस सारतें. वरंबे घासावे तर रेघ उथळ होते, न घासावे तर रंगाखालीं फुगून दिसते.

परदेशीं याकरितां खास कोरण्या मिळतात. अतिशय कठीण धातूचें, दशांश-दोनदशांश मिलिमीटर रुंदीचें पातें, तें आपल्याकडे ओढावयाचें. आमच्या चिरंजीवांनीं चौकशी केली, तेव्हां किंमत दोन हजारांच्या घरांत निघाली. खेळण्यापेक्षां हत्यार महाग. गांवांतील एका दंतवैद्यांनीं आपली जुनी आंकडी देऊं केली. तिचें टोंक वळलेलें असल्यामुळें ती बरी चाले; परंतु टोंक गोल, म्हणून रेघेच्या कडा मऊ उमटत.

तेव्हां आम्हीं नातवाला एका वृद्ध कारागिरांकडे नेलें. भांड्यांच्या दुकानापुढें बसून भांड्यांवर नांवें घालण्यांत त्यांचा जन्म गेला. आतां हें काम विजेच्या यंत्रानें होतें आणि तें त्यांचा मुलगा करतो. मामा नुसते शेजारीं बसून असतात. त्यांनीं ती प्लास्टिकची चकती उजेडाकडे धरली आणि नातवाला म्हणाले, “बाळा, ही सुई माल बाजूला सारती. माल निघाला पायजे. रेघ म्हंजी काढलेला माल.” शास्त्राचें सूत्र याहून थोडक्यांत कोणी सांगावें?

पुढले आठ दिवस शाळा सुटल्यावर नातू मामांच्या ओट्यावर बसूं लागला. लोखंड कापण्याच्या करवतीचें मोडकें पातें घेऊन त्यांनीं त्यास कोरणी करावयास शिकविलें. पातें मुळांतच कठीण असतें. त्याला नव्यानें पाणी देण्याची गरज नाहीं, असलेलें उतरूं न देणें एवढेंच. म्हणून सहाणेच्या चाकावर क्षणभर धरावयाचें आणि लगेच पाण्यांत बुडवावयाचें. टोंक निळें पडलें, कीं हत्याराचें पाणी गेलें असें समजावें. टोंकाला पोपटाच्या चोंचीसारखा बांक द्यावयाचा. चोंचीची धार जितकी रुंद, तितकी रेघ रुंद. धारेमागील भाग किंचित् बारीक घासावयाचा, नाहींतर हत्यार स्वतःच्याच चरांत अडकतें. शेवटीं पाणी घातलेल्या दगडावर धार पाजळावयाची. तीन पातीं वायां गेलीं, चौथें साधलें. दोऱ्यानें गुंडाळून बांबूच्या काडींत तें बसविलें, तेव्हां त्याची किंमत शून्य रुपये झाली.

हत्यार साधलें तरी हात साधावा लागतोच. पहिली ओढ वजन न देतां, नुसती वाट दाखविण्यापुरती. मग त्याच वाटेनें आठ-दहा हलक्या ओढी. जोर केला कीं धार पट्टीखालून निसटते आणि भलतीकडे ओरखडा उमटतो. विमानाचें धड गोल. त्यावर पोलादी पट्टी बसत नाहीं. तेथें नांवाच्या चिठ्ठ्या छापण्याची जाड चिकटपट्टी कडेला लावून तिच्या आधारानें कोरावें; विजेच्या तारांची चिकटपट्टी ताणली जाते, ती उपयोगी नाहीं. ओरखडा गेलाच, तर फेविक्विकचा थेंब भरून, वाळल्यावर घासून पुन्हा कोरावें. कोरून झाल्यावर चरांतला भुसा जुन्या दांतघासणीनें काढावा. रंग दिल्यानंतर पातळ काळा तैलरंग चरांत सोडून वरून पुसून घेतला, कीं रेषा उठून दिसतात. ही शेवटची युक्ति पाहून आम्हांस ओडिशांतील ताडपत्रांचें स्मरण झालें. तेथेंहि लोखंडी लेखणीनें अक्षर आधीं कोरीत आणि मग त्यांत काजळी चोळीत. शाई ही मागाहून आलेली दासी, स्वामिनी कोरणीच.

अण्णांना मात्र ओट्यावरचें बसणें खटकत होतें. एके दिवशीं ते स्पष्टच म्हणाले, “पोरानें चार लोकांदेखत तेथें बसावें, हें बरें दिसत नाहीं. लेखणी सोडून छिन्नी कशाला?”

आम्हीं वाद घातला नाहीं. आमच्या आंबेजोगाईंत यादव राजा सिंघण याचा सेनानी खोलेश्वर याच्या काळचे, तेराव्या शतकांतले संस्कृत शिलालेख आहेत. ते रचणारा पंडित आमच्यासारखाच लेखणीचा मनुष्य असणार. पण त्याची वाणी आज वाचतां येते ती टाकी चालविणाऱ्या हातामुळें. हें अण्णांना आमच्याइतकेंच ठाऊक आहे, म्हणून तें सांगितलें नाहीं. माळ्यावरून एक पितळी पातेलें तेवढें खालीं काढलें.

तें आमच्या मातोश्रींच्या लग्नांतलें. कांठाखालीं बारीक छिन्नीनें त्यांचें माहेरचें नांव आणि ‘शके १८७३’ एवढें घातलेलें आहे. मातोश्री शाळेंत गेल्या नाहींत, म्हणून दाखला नाहीं. लग्नांत नांव बदललें. पुढील सर्व कागदांवर सासरचेंच नांव. आमच्या घरांत तीन पिढ्या लिहिणाऱ्यांच्या. वह्या, चोपड्या, पत्रव्यवहार यांच्या पेट्या भरलेल्या आहेत. त्या सर्व कागदांत बापानें ठेवलेलें तें नांव एकदांहि आढळत नाहीं. तें एका अनाम कारागिरानें पितळेंत कोरलें, म्हणून राहिलें. पंचाहत्तर वर्षें राखेनें आणि चिंचेनें घासूनहि अक्षर न् अक्षर लागतें; कारण त्यानें माल नुसता सारला नव्हता, काढला होता.

अण्णांनीं पातेलें हातांत घेतलें आणि अंगठा त्या अक्षरांवरून बराच वेळ फिरविला. बोलले कांहीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं नातू निघाला, तेव्हां “मामांना चहा घेऊन जा,” एवढें मात्र म्हणाले.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा छंद लागलेलें मूल असेल, तर आमचें सांगणें इतकेंच. महागडी कोरणी आणूं नये असें नाहीं. अत्यंत बारीक रेघेस ती खरोखरच सरस, आणि पुढें हात बसल्यावर आम्हीहि ती नातवाला घेऊन देऊं. परंतु पहिलें हत्यार त्यानें स्वतः करावें. धार कशी लागते, पाणी कसें उतरतें, टोंक कोठें सारतें आणि कोठें काढतें, हें ज्याच्या बोटांना कळलें, त्यालाच विकतच्या हत्यारांतून निवड करतां येते. इतरांना फक्त किंमत वाचतां येते. आणि हें शिकविणारा मनुष्य आपल्याच बाजारपेठेंत, एखाद्या ओट्यावर, काम गेल्यामुळें रिकामा बसलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. मुलाला त्याच्याकडे पाठवावें. तो आहे तोंवर पाठवावें.