टायर वाचता येतो!

खरंच वाचता येतो! अठरा वर्षं गाडी चालवतेय मी, आणि हे मला गेल्या आठवड्यात, टायरच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कळलं! मी यातली जाणकार नाही, हे आधीच सांगते. पण सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये, तेव्हा चला माझ्याबरोबर!

आमची पिकअप असते पुण्यात आणि भाताची खाचरं भोरच्या पलीकडे, नीरा-देवघरच्या अंगाला. जवळजवळ सगळा रस्ता डांबरी, शेवटचे तीन किलोमीटर लाल चिखल. गेल्या आषाढात खताच्या गोण्यांसकट गाडी चढावर रुतली, चाकं जागच्या जागी गरगरत राहिली, आणि मग शेजारच्या दादांनी ट्रॅक्टर आणला, आणि मग आम्ही निघालो, आणि मग मी ठरवूनच टाकलं, या वर्षी मोठ्ठे बटण टायर घ्यायचे!

दुकानातल्या काकांनी एकच विचारलं, "ताई, शंभर किलोमीटरमधले चिखलातले किती?"

मी हिशेब केला. जेमतेम पाच!

"मग पाचासाठी पंच्याण्णव किलोमीटर कानाशी घोंघाट कशाला?"

आणि मग त्यांनी तीन टायर समोर उभे केले. हायवेचा एचटी, बारीक नक्षीचा. चिखलाचा एमटी, म्हणजे तोच बटण टायर, ज्याच्या रबराच्या दोन गुट्ट्यांमध्ये माझी दोन बोटं सहज शिरली. आणि या दोघांच्या मधला एटी, म्हणजे ऑल-टेरेन. त्याच्यापाशी मी जी बसले ती उठेचना!

बघा ना जवळून! प्रत्येक गुट्ट्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा! ओल्या डांबरावर याच चिरांच्या कडा रस्ता धरतात! आणि खाचेच्या तळाशी चिमुकले उंचवटे! ते कशाला? अडकलेला खडा बाहेर ढकलायला! नाहीतर चालता चालता तो खडा आत आत रुतत जातो आणि रबर कापतो. एका खड्याचा केवढा विचार केलाय कुणीतरी! शिवाय हे गुट्टे बाजूच्या भिंतीवरही थोडे उतरलेले, कारण धारदार दगडापुढे टायरची नाजूक जागा तीच.

आणि मग त्या भिंतीवरचं वाचन! 245/70 R16. रुंदी 245 मिलिमीटर. 70 म्हणजे भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या 70 टक्के! म्हणजे 171.5 मिलिमीटर! R म्हणजे रेडियल आणि 16 इंचांची रिम. पुढे 111, म्हणजे एक टायर 1,090 किलो वजन पेलणार! गोण्या वाहणाऱ्या गाडीला याहून महत्त्वाचं काय असणार! त्यालाच चिकटलेला S म्हणजे ताशी 180 किलोमीटरची मर्यादा. हे सगळं इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं!

काकांनी एटीचे तोटेही सांगितले. वजनाने थोडा जड, त्यामुळे मायलेज जरा घटतं, आणि हायवेला हलका गुणगुणाट येतो. रोज काळ्या, चिकट मातीत जायचं असेल तर याच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, तिथे एमटीच हवा. आणि साइझ कंपनीचाच ठेवायचा! मोठा घातला तर चाक वळताना घासू शकतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. आम्ही त्याच साइझचे एटी घेतले, स्टेपनीसकट पाच.

रविवारी पाऊस झाला आणि आम्ही निघालोच! डांबर संपलं तिथे हवा 35 वरून 25 पीएसआयवर आणली, टायर जमिनीवर जरासा पसरला, आणि मग तोच चढ, तोच चिखल, तेवढ्याच गोण्या, आणि गाडी सावकाश वर! मी खिडकीतून मान काढून चाकाकडेच बघत होते! परतताना डांबराला लागण्याआधी छोट्या कॉम्प्रेसरने हवा पुन्हा 35 केली, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो. हे मात्र विसरायचं नाही!

आता एक काम तुमचं. आज रात्री खाली जा, मोबाइलची बॅटरी लावा आणि टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतील. 1024 असेल तर टायर 2024 च्या दहाव्या आठवड्यात बनलेला. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा. आणि स्टेपनीचेही वाचा!