अठरा फुटांची पट्टी

मोटारींच्या शर्यतीचे आम्हाला कधीच वेड नव्हते. इटलीतील 'मिल्ले मिल्या' या शर्यतीकडे आम्ही वळलो ते गद्याच्या वाटेने. 'मोटर स्पोर्ट' या इंग्रजी मासिकाच्या जून १९५५च्या अंकात डेनिस जेन्किन्सन यांचा एक लेख आहे. त्या वर्षी १ मे रोजी ते स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी मर्सिडीजमध्ये बसून ही शर्यत धावले आणि त्यांनी तिचा वृत्तान्त लिहिला. प्रवासवर्णन शिकवताना आम्ही हा लेख वर्षानुवर्षे नमुना म्हणून पुढे ठेवीत आलो.

शर्यतीचा जन्म मानापमानातून झाला. इटलीची पहिली ग्रां प्री १९२१ साली ब्रेशियाजवळ झाली. पुढच्याच वर्षी ती मोन्त्साला गेली. तो सल मनात ठेवून ब्रेशियाच्या मंडळींनी १९२७ मध्ये स्वतःची शर्यत उभी केली: ब्रेशियाहून रोम आणि परत, सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे जवळपास हजार मैल. त्यासाठी वेगळा मार्ग बांधलेला नव्हता. गावांतले, घाटांतले नेहमीचेच रस्ते. पहिल्या विजेत्यांना एकवीस तास लागले.

जेन्किन्सन यांनी आधी हा रस्ता पालथा घातला, अवघड वळणे टिपली आणि त्या नोंदी सुमारे १८ फूट लांबीच्या कागदी पट्टीवर उतरवल्या. एका डबीत गुंडाळलेली ती पट्टी सरकवीत, हाताच्या खुणांनी ते मॉस यांना पुढचा रस्ता सांगत. वळणापलीकडचे काही दिसत नसताना वेग कायम ठेवायचा, तो केवळ शेजाऱ्याच्या वाचनावर भरवसा ठेवून. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सरासरी १५७ किलोमीटरांच्या वेगाने ते जिंकले. हा विक्रम पुढे मोडला गेला नाही. "वाचनाची याहून कठोर कसोटी दाखवा," असे आम्ही वर्गात अभिमानाने म्हणत असू.

एके वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या पट्टीवर रस्त्याकडेची माणसे कुठे आहेत?"

आम्ही तास संपल्याचे निमित्त केले. उत्तर मात्र आम्हाला ठाऊक होते. १९३८ मध्ये बोलोन्या येथे एक गाडी गर्दीत घुसली. दहा प्रेक्षक गेले, त्यांत सात मुले होती. १९३९ मध्ये शर्यत झाली नाही. युद्धानंतर, १९४७ पासून, ती पुन्हा त्याच रस्त्यांवर धावू लागली. १२ मे १९५७ रोजी गुइदित्सोलो गावाजवळ अल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर फुटला. ते, त्यांचे साथीदार एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मरण पावले. त्या नवांपैकी पाच मुले होती. खुल्या वेगाची मिल्ले मिल्या तेथेच संपली. १९७७ पासून याच नावाने जुन्या गाड्यांचा सोहळा होतो. त्यात महत्त्व वेगाला नसून ठरलेली वेळ नेमकी पाळण्याला असते.

पट्टीवरच्या नोंदी अचूक होत्या आणि लेखही उत्तमच आहे. हे मत आम्ही बदललेले नाही. परंतु लेखकाने ज्या वेगाने रस्ता पाहिला, त्याच वेगाने आम्हीही तो वाचीत होतो, आणि त्यालाच रसिकता समजत होतो. कडेला उभ्या असलेल्या मुलाला ती गाडी क्षणभरच दिसली असेल. त्याच्या बाजूने हा लेख वाचावा, हे आम्हाला एका विद्यार्थिनीने शिकवले.

अजूनही आम्ही तो लेख शिकवतो. फक्त आता आरंभी फळ्यावर गुइदित्सोलो हे नाव लिहितो, आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.