चाळीस वर्षांचं यंत्र, तीन वर्षांचं काम

पुणे

प्रिय अविनाश,



पत्र पोचलं. लेक एरीच्या काठी, तुमच्या शटॉक्वा परगण्यातल्या मळ्यांतून द्राक्षकाढणीची जुनाट यंत्रं अजून फिरतात आणि अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातले शेतकरी ती धुडं भंगारात का घालत नाहीत, असं तू विचारतोस. तुला त्यात चिकटपणा दिसतो, नाहीतर जुन्याचा सोस. मला वाटतं, हिशेबात चूक तुझी होते आहे, कारण यंत्राचं वय तू कारखान्यातून बाहेर पडल्याच्या सालापासून मोजतोस. तिकडच्या कॉनकॉर्ड द्राक्षांची काढणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि ऑक्टोबरबरोबर संपत येते. हंगाम चार आठवड्यांचा धरला, तर चाळीस वर्षांच्या यंत्राचं प्रत्यक्ष काम भरतं 160 आठवडे, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. उरलेली 37 वर्षं ते शेडमध्ये नुसतं उभं असतं आणि त्याला म्हातारपण येतं ते या उभं राहण्यानंच. होस पायपांचं रबर वाळून तडकतं, उंदीर वायरी कुरतडतात, बेअरिंगमध्ये शिरलेला आंबट-गोड रस सुकून चिकट होतो आणि त्याखाली गंज धरतो. म्हणून या यंत्राची दुरुस्ती ही हंगामातली धावपळ समजू नये; ते हिवाळ्याचं काम आहे. ज्याचा हिवाळा वाया गेला, त्याचं नवं यंत्रही लवकर म्हातारं होतं.

आता यंत्राच्या पोटात डोकावून बघ. ते वेलींच्या ओळीवर कमानीसारखं उभं राहून पुढे सरकतं. आत दोन्ही बाजूंना फायबरग्लासच्या लवचीक काठ्या असतात. त्या वेल हलवतात आणि पिकलेले मणी देठ सोडून खाली पडतात. खाली माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या पाकळ्या असतात. वेलीचं खोड आलं की त्या स्प्रिंगवर बाजूला होतात आणि खोड मागे पडताच मिटतात. मग मणी पट्ट्यावरून वर, पंख्याच्या वाऱ्यात पाला उडवून, शेजारच्या ओळीतून चालणाऱ्या पेटीत. एका पाकळीची स्प्रिंग सैल पडली, की प्रत्येक खोडापाशी मूठभर मणी मातीत जातात. पण हा दोष डोळ्यांना दिसतो: यंत्र पुढे गेल्यावर ओळीखाली वाकून बघायचं, सांडलेली रेघ कुठून येते ते हेरायचं आणि स्प्रिंग बदलायची. ज्या यंत्राचं दुखणं असं बाहेरून वाचता येतं, ते गावातल्या मिस्त्रीच्या आवाक्यात राहतं.

शिवाय हे यंत्र एकटं जन्मलेलं नाही. 1960च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा संशोधन केंद्रातले नेल्सन शॉलिस आणि कॉर्नेल विद्यापीठाचे अभियंते स्टॅनली शेपर्डसन यांनी वेलीला वळण देण्याची पद्धत आणि काढणीचं यंत्र यांचा विचार एकत्र केला. नायगारा फॉल्सच्या चिझम-रायडर कंपनीनं तशी यंत्रं बाजारात आणली. तारांची उंची, खांब, ओळींतलं अंतर हे सगळं यंत्राच्या कमानीशी जुळलेलं असतं. आपल्या नाशिकच्या मांडवाखाली ते शिरणारच नाही. आणि खायच्या द्राक्षाचा घड, मण्यांवरच्या पांढुरक्या थरासकट, कात्रीनंच उतरवावा लागतो. कॉनकॉर्ड जातं रसाला. पैसा टनावर आणि साखरेवर मिळतो, तोही बेताचा. तिथे महिनाभर राबणाऱ्या यंत्रासाठी वर्षभर हप्ते भरायचे की नाहीत, हा मुख्य प्रश्न असतो.

तू म्हणशील, सुटे भाग कुठून आणायचे? बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, साखळ्या आणि ऑइल सील ठरलेल्या मापांत मिळतात, होस पाइप कुठल्याही हायड्रॉलिकच्या दुकानात करून मिळतो. अडतं ते ओतीव भागांपाशी. त्यासाठी एक यंत्र मोडून दुसरं जगवायचं, हा उपाय आहे. मात्र मोडायची यंत्रं कधीतरी संपणार, हे धरून चालावं लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: ऐन काढणीत यंत्र बसलं आणि रात्री दव गोठवणारी कडाक्याची थंडी पडली, तर वाचवलेले सगळे हप्ते एका आठवड्यात जातात. खरं आहे. म्हणूनच होस फुटायची वाट न बघता तो वयावर बदलायचा; फुटला तर तेल नेमकं द्राक्षांवर सांडतं आणि माल नाकारला जातो. नवं यंत्रही बसतंच. फरक एवढाच, की त्याच्या सेन्सरसाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते.

तरी सरसकट जुनं ठेवा, असं मी म्हणणार नाही. वाइनच्या द्राक्षाला नव्या यंत्रांची हळुवार हालचाल आणि देठ वेगळे काढण्याची सोय यांचा खरोखर फायदा होतो. तिथे गणित पालटतं. आणि उंच यंत्र उतारावर चालवताना ब्रेक किंवा स्टिअरिंगचा भरवसा नसेल, सांगाड्याला वेल्डिंगवर वेल्डिंग झालं असेल, तर माणसाच्या जिवापुढे काटकसरीचा मुद्दाच उरत नाही. ते भंगारातच जावं. पण सगळ्यांत आधी संपतं ते लोखंड नाही, माहिती संपते. कोणत्या जागी कोणतं बेअरिंग बसवलं, कोणता पंप दुसऱ्या मापाचा घातला, हे एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या डोक्यात असेल, तर तो गेल्यावर चांगलं यंत्रही कोडं होऊन बसतं. दोनशे पानी वहीत प्रत्येक दुरुस्ती तारखेसह लिहिली, तर ती वही नव्या सुट्या भागाइतकीच कामाची.

आपण खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो, तेव्हा तिकडे हे यंत्र बहुधा ऐन कामात असतं. त्याची खरी पूजा नंतर, कोणी बघत नसताना व्हायची: धुणं, पाणी बाहेर ढकललं जाईपर्यंत ग्रीस भरणं आणि पाकळ्या एकेक हलवून बघणं. तेव्हा पुन्हा असं यंत्र दिसलं, तर मालकाला ते कोणत्या सालचं म्हणून विचारू नकोस. गेल्या हिवाळ्यात काय काय उघडलं होतं, ते विचार.

तुझा,
वसंत