दुबई किती लांब?

चाकूर तालुक्यातल्या खेड्यांतून शेतीखात्याच्या कामासाठी फिरताना बियाण्या-खताच्या गोष्टी संपल्या, की घरातले एखादे म्हातारे माणूस हळूच विचारते, "साहेब, दुबई इथून किती लांब हो?" ज्या घरचा पोरगा तिकडे गवंडीकामाला नाहीतर ड्रायव्हरीला गेला आहे, तिथे हा प्रश्न हमखास येतो.

मुंबईहून दुबई सरळ रेषेत सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला ३ तास पुरतात. आपल्याला मात्र चाकूरहून मुंबई गाठायची तर आधी लातूरची एसटी आणि पुढे रात्रभर रेल्वे. म्हणजे परमुलखापेक्षा आपली मुंबईच लांब! पूर्वी लोक बोटीने आखातात जात, आणि त्यात कित्येक दिवस मोडत. 'द्वारका' नावाची बोट तर १९८२ पर्यंत चालू होती. आणखी एक गंमत म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी वेगळा रुपया काढला होता, तो दुबईत १९६६ पर्यंत चालला.

घड्याळाचे तेवढे नीट समजून घ्या. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास. सकाळी १० ला मुंबई सोडलेले विमान तिथल्या साडेअकराला उतरते, आणि येताना तेच ३ तास घड्याळात साडेचार दिसतात. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, एवढेच कारण. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो परतीच्या विमानाच्या पाठीशी येतो, म्हणून येणे थोडे लवकर होते. उफणणी केलेल्याला वाऱ्याची दिशा काय सांगावी!

माझ्या ओळखीच्या एका घरी उन्हाळ्यात वडील पहाटे वारले. थोरला दुबईत. भावकी जमली. कोणी म्हणे, तो आल्यावरच अग्नी द्यायचा. कोणी म्हणे, या उन्हात ठेवणार कसे? पोरगा मुंबईचे तिकीट काढत होता. तसा आला असता, तर दारात यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली असती. आम्ही त्याला फोनवर हैदराबाद सांगितले. दुबई-हैदराबाद अडीच हजार किलोमीटर, विमानाला अर्धा तास जास्त. पण शमशाबादच्या विमानतळावरून बिदर, उदगीर करीत गाडी ५-६ तासांत चाकूरला येते.

खरा उशीर झाला तो वेगळ्याच जागी. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कचेरीत होता आणि रजेवर सही करणारा साहेब जागेवर नव्हता. विमानाला लागला त्याहून जास्त वेळ त्या सहीला लागला. वास्तविक तिथल्या कायद्याने मालकाला कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. पण हे आपल्या पोरांना जाण्याआधी कोण सांगतो? एजंट तर सांगत नाहीच. १९८३ च्या कायद्याप्रमाणे एजंटाकडे सरकारी नोंदणी लागते, ती आधी पाहावी. दहावी न झालेल्या मुलाला आखातात कामाला जाण्यापूर्वी सरकारची वेगळी परवानगीही घ्यावी लागते.

रात्री दीडला गाडी वेशीत आली. म्हातारी ओट्यावर जागीच होती. तशाच रात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन मंडळी शेताकडे गेली.

धाकटा यंदा दहावीला आहे. तोही दुबईचे नाव काढतो. आईने अजून हो म्हटलेले नाही.